हातभर टेप

मी, लवू रामा घवाळी, वय सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी रेडिओ व टेपदुरुस्ती, हल्ली कुरकुर, राहणार पावस, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि चहा पिऊन लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. विनोद शितूत यांनी दिला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी आज वार कोणता असे विचारले. मी गुरुवार सांगितला, शिवाय तुमच्या भिंतीवरचे कॅलेंडर गेल्या महिन्याचे आहे हेही सांगितले. त्यावर त्यांनी मुकाट सही केली.

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती, माझी पत्नी तुळसा, समोर चवळी निवडत बसली आहे. मी काय लिहितो ते ती विचारतही नाही, याचाच काय तो थोडा दबाव वाटतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. राहते घर माझ्या पश्चात तुळसाच्या नावे व्हावे. ती असेपर्यंत कोणी भिंत पाडू नये, टाइल्स बसवू नयेत आणि 'आई, तू आमच्याकडे विरारला चल' असे म्हणू नये. तिच्यानंतर चि. दीपक व चि. दर्शना या दोघांत सारखी वाटणी. बँकेत जे आहे ते सगळे तुळसाचे, आणि त्याचा हिशेब तिला कोणी विचारू नये. मीही कधी विचारला नाही, धाडस झाले नाही.

२. सड्यावरची आंब्याची आठ कलमे दोन्ही मुलांत चार-चार. विहिरीकडचे कलम मनाला येईल तेव्हा मोहरते. ते कोणाच्या वाट्याला गेले यावरून भांडू नये. ते माझेही ऐकत नाही.

३. चि. दीपक याने गेल्या मे महिन्यात मी ओटीवर तोंड उघडे टाकून झोपलो असताना फोटो काढला आणि घवाळी परिवाराच्या ग्रुपवर टाकला. एकशे बारा माणसांनी हसणारे चेहरे पाठवले, त्यात माझी विहीणसुद्धा! मी रागावलो तर म्हणतो, "बाबा, सगळे घरचेच आहेत की." घरचेच म्हणून तर लाज वाटते, मेल्या. परक्याला कोण विचारतो?

पण न्यायाने बोलायचे तर माझे वडील रामा घवाळी याच जातीचे होते. वाडीत वाचता येणारे ते एकटे. कोणाचेही पोस्टकार्ड आले की दुकानाच्या पायरीवर उभे राहून खणखणीत वाचायचे, कुणाच्या घरी पाळणा हलणार आणि मुंबईत कोणाची गिरणी सुटली हे सगळे. त्यांचे म्हणणे, "उघडं आलंय ना? मग उघडंच वाचायचं." पाकीट फोडणाराला मात्र ते पापी म्हणत. सबब दीपकला या कलमान्वये माफ करण्यात येत आहे. फोटो मात्र काढून टाकावा.

४. माझी हत्यारे, म्हणजे सोल्डर गन, मीटर, पकडी, बारीक पेचकस आणि दुकानातले लाकडी टेबल, दीपकची मुलगी चि. तेजस्वी हिला द्यावे. ती आमच्याकडे राहून रत्नागिरीत कॉम्प्युटरचे इंजिनिअरिंग करते. ही पोरगी उघड्या दारावर टकटक करून आत येते. माझा फोन वाजत असला तरी "आजोबा, उचलू का?" असे विचारल्याशिवाय हात लावत नाही, तोवर समोरचा बिचारा कंटाळून ठेवून देतो. आमच्या वेळी याला शिष्टपणा म्हणत. ती याला सभ्यपणा म्हणते.

आणि हीच सभ्य पोरगी एके सकाळी माझ्या आवाजाचे नमुने कुठल्याशा मशीनला देऊन बसली. हो, मला विचारून, मी हो म्हणालो होतो. तुळसा स्वयंपाकघरात होती. बाहेरून माझा आवाज आला, "तुळसा, आज चहा काय फक्कड झालाय गो!" ती पदराला हात पुसत बाहेर आली. चेहरा असा फुललेला की मला सांगवेना. शेवटी सांगितले, मी बोललो नाही, मशीन बोलले. ती म्हणाली, "पन्नास वर्षांत असा शब्द तुमच्या तोंडून नाय निघाला. मशीनला तरी अक्कल आहे." चहा खरोखरच फक्कड होता व असतो, हे मी येथे नमूद करतो.

५. आता दुकान. १९७४ ते २००३ मी पावसच्या बाजारात घवाळी रेडिओ चालवले. त्या काळी आमच्या किनाऱ्यावरची माणसे मस्कत, कुवेत, दुबईला जात आणि पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. घरोघरी टेप नव्हता. म्हणून आलेली कॅसेट माझ्या दुकानात ऐकायची आणि उत्तरही तिथेच भरायचे. मी बटण दाबून द्यायचो आणि रस्त्याकडे तोंड करून पायरीवर उभा राहायचो. लोक म्हणत, लवू पाठ फिरवतो, भला माणूस. पाठ फिरली तरी कान कुठे जातात? तीस वर्षांत निम्म्या तालुक्याच्या घरातले मला ठाऊक झाले आणि एक शब्द मी बाहेर सांगितला नाही. याचा मला फार ताठा होता.

दुकानात न्यायच्या राहिलेल्या एक्केचाळीस कॅसेटी ट्रंकेत आहेत. प्रत्येकीवर नाव आहे. त्या ज्याच्या त्याला किंवा त्याच्या मुलाबाळांना पोचवाव्यात. त्यापूर्वी कोणी ऐकू नयेत, दीपकने तर नाहीच नाही.

६. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

ट्रंक आवरताना तेजस्वीला तपकिरीची एक डबी सापडली. तिच्यात कॅसेटच्या टेपेचा हातभर तुकडा गुंडाळलेला. तिने विचारले, "आजोबा, हा कोणाचा?" मी म्हणालो, "हारुन मुकादमचा आवाज आहे. लावून बघ." तिने डबी मिटून माझ्यापुढे ठेवली. "त्यांना विचारल्याशिवाय नाही." अगो, तो तीन वर्षांपूर्वी गेला. तर म्हणाली, "मग तर विचारतापण येत नाही." एवढे बोलून ती कॉलेजला गेली आणि मी डबीकडे बघत बसलो.

सन १९८४. हारुन मस्कतला होता. त्याची बायको रझिया दुकानात आली, वय बावीस, दहावीला पहिला वर्ग. मी बटण दाबून पायरीवर गेलो. ती मशीनला म्हणाली, "मला डी.एड. करायचंय. फॉर्म भरू का? फक्त हो की नाही एवढं सांगा."

दोन महिन्यांनी उत्तराची कॅसेट आली. रिवाजाप्रमाणे आधी घरच्या कर्त्याने ऐकायची, मग बाकीच्यांनी. हारुनचे वडील एकटे आले, पहिली बाजू ऐकली आणि तिथेच थांबवून मला म्हणाले, "लवू, एवढं वाक्य काढ. पोरगा लांब आहे, त्याला घरातलं काय कळतं? सुनेच्या कानी जाता कामा नये." मी काढले. पुसता आले असते, पण माणसाचा आवाज पुसायला माझा हात होईना. म्हणून ब्लेडने कापले आणि टोके जोडली. खरे सांगतो, त्या दिवशी ते मला चूक वाटले नाही. वडीलधाऱ्याने सांगितले, मी केले. काळजी एकच, सांधा दिसायला नको. सांधा इतका साफ बसला की मला माझा अभिमान वाटला.

मी शहाणा एक गोष्ट मात्र विसरलो. कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच टेपेवर असतात. पहिली बाजू कापली की दुसरीही जाते. दुसऱ्या बाजूला त्याच जागी हारुनने वडिलांना बजावले होते की काळी बकरी कोणत्याही परिस्थितीत विकू नका. ते वाक्यही गेले आणि म्हाताऱ्याने आठवड्यात बकरी विकली. पुढे सुट्टीवर आलेल्या हारुनने जो काय तमाशा केला तो अख्ख्या मोहल्ल्याने पाहिला. बाप म्हणे तू सांगितलंस कधी, मुलगा म्हणे सांगितलं. मी शटर अर्धे ओढून आत बसलो होतो.

पण बकरीचे दुःख नाही. दुसऱ्या दिवशी रझिया सगळ्या घराबरोबर ती कॅसेट ऐकायला आली होती. संपल्यावर तिने मला विचारले, "एवढंच?" मी म्हणालो, "एवढंच, भाभी." कापणे हा म्हाताऱ्याचा हुकूम होता. हे 'एवढंच' माझे स्वतःचे.

सबब, माझ्या मृत्यूनंतर ती टेप एका रिकाम्या कॅसेटमध्ये बसवून, माझ्या माफीच्या चिठ्ठीसह, श्रीमती रझिया हारुन मुकादम यांस पोचवावी.

७. माझ्या आवाजाबद्दल. मी खरोखर बोललेले जे काही असेल ते तेजस्वीने ठेवावे, ऐकावे, नातवंडांना ऐकवावे. मी न बोललेले माझ्या तोंडी घालू नये, चहाची स्तुतीसुद्धा नाही. बोललेल्यातले काही कापूही नये, मग सांगणारा घरातला कितीही मोठा असो. वडिलांना पाकीट फोडणे पाप वाटे, पोस्टकार्ड वाचणे नाही. मला बाहेर बोलणे पाप वाटे, कापणे नाही. तेजस्वीला विचारल्याशिवाय ऐकणे पाप वाटते. तिला काय पाप वाटत नाही ते तिची नात तिला सांगेलच.

कलम ६ रद्द. कारण खालीलप्रमाणे.

वरील मजकूर मी तुळसाला वाचून दाखवला. तिने चवळीचे सूप खाली ठेवले. "म्हणजे तुम्ही मरणार, मग ती ऐकणार, मग तिला राग येणार, आणि शिव्या कोणाला घालणार? मला? उठा. आजच्या आज जा." मी म्हणालो, पाय दुखतोय. ती म्हणाली, "कलमावर चढताना दुखत नव्हता."

म्हणून तो तुकडा रिकाम्या कॅसेटमध्ये बसवला आणि रविवारी सकाळी कॅसेट व टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मी रझियाभाभींकडे गेलो. त्या अंगणात कोळंबीचे सोडे वाळत घालत होत्या. वय त्रेसष्ट, नजर अजून परीक्षेला बसवणारी. डी.एड. झाले नाही, पण मोहल्ल्यातल्या मुलींची शिकवणी त्यांनी तीस वर्षे घेतली, त्यातल्या दोघी आज शाळेत बाई आहेत. मी कशाची प्रस्तावना केली नाही. काय केले ते सांगितले आणि बटण दाबले. या वेळी पाठ फिरवली नाही.

हारुन म्हणाला, "रझिया, हो. शंभरदा हो. फॉर्म भर. मी आलो की मास्तरीणबाईंना सलाम ठोकीन. अब्बांना मी समजावतो."

"परत लावा," त्या म्हणाल्या. मी लावले. चार वेळा लावले. मग म्हणाल्या, "बंद करा."

सोड्यांवर कावळा आला, तो त्यांनी हाकलला नाही. त्या म्हणाल्या, "लवूदादा, तो वर्षानुवर्षं म्हणायचा, मी हो सांगितलेलं. दर भांडणात म्हणायचा. आणि मी म्हणायची, खोटं बोलू नका, कॅसेट मी माझ्या कानांनी ऐकलीय, माणूस खोटं बोलेल, मशीन कसं बोलेल? शेवटी शेवटी तो गप्प बसायला लागला." मग त्या रडल्या. मीही रडलो, लपवत नाही. मला बाहेर काढतील असे वाटले होते. त्यांनी चहा आणला आणि तो पिईपर्यंत माझी अशी काही हजेरी घेतली की माझ्या आईनेही कधी घेतली नसेल. बकरीचे सांगितले तेव्हा मात्र डोळे पुसता पुसता हसल्या. "म्हाताऱ्याला बरं झालं. त्या बकरीचं दूध फक्त तोच प्यायचा."

मी माफी मागितली. रझियाभाभींनी मला माफ केलेले नाही. तसे स्पष्ट लिहा, असे त्यांनी बजावले आहे, म्हणून लिहिले.

टेप त्यांनी त्याच दिवशी स्वतःकडे ठेवून घेतली. त्यामुळे या मृत्युपत्राने त्यांना काहीही मिळत नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. त्यांना आता ती आडकाठी उरली नाही. मी दबकत विचारले, सही कराल का? त्या म्हणाल्या, "करीन. पण सहीच्या वर दोन ओळी माझ्या असतील, आणि त्या तुम्ही कापायच्या नाहीत."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, वाचून, खाडाखोड कबूल करून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही करून पुरे केले.

ठिकाण : पावस
दिनांक : २३ नोव्हेंबर २०२५

(सही) लवू रामा घवाळी

साक्षीदार पहिले : लवू घवाळी यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत. कॅलेंडर बदलले आहे.
(सही) डॉ. विनोद शितूत, पावस

साक्षीदार दुसऱ्या : लवू रामा घवाळी यांनी माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली. माझे पती हारुन मुकादम यांनी मला १९८४ साली हो सांगितले होते. ते खरे बोलत होते, याची मी साक्ष देते.
(सही) रझिया हारुन मुकादम, शिक्षिका, पावस