शहाणा सात नंबर

२ सप्टेंबर

पत्र आलं. टायपिंगच्या सरकारी परीक्षा यापुढे फक्त संगणकावर, हे माहीतच होतं. नवीन एवढंच की दसऱ्याच्या आधी तपासणी. बॅचमधल्या प्रत्येकीसमोर तिचा स्वतंत्र, चालू संगणक दिसला पाहिजे. एकही कमी चालणार नाही, नाहीतर क्लासची मंजुरी पुढे वाढणार नाही. माझी बॅच दहाची. टाइपरायटर भरपूर. संगणक एक, इतका जुना की त्यावर फक्त ह्यांचे पत्ते चालतात.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, म्हणाले, "कुरिअरवाला खोलीसाठी विचारत होता." बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून ह्यांना सगळ्यांनीच वेळेवर थांबावं असं वाटतं.

मी थांबणार नाही. कंपन्या आल्या, घरोघरी कॉम्प्युटर आले, तेव्हाही लोक म्हणाले होते की टायपिंग संपलं. नारायण पेठेतले इतर क्लास संपले. माझा चालू आहे.

४ सप्टेंबर

निनादला फोन. दिरांचा मुलगा, खराडीत कंपनीत आहे. त्यांच्याकडे नवे लॅपटॉप आले, जुने भंगारात चाललेत, हे त्यानंच मागे जेवताना सांगितलं होतं.

"काकू, फार जुने आहेत गं. सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो."

म्हटलं, तुझ्या काकांना सुरू व्हायला दोन चहा लागतात, त्यांना कुणी भंगारात काढलं नाही. विचारून सांगतो म्हणाला.

हे शेजारीच पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

९ सप्टेंबर

मिळाले! दहा. रीतसर, सह्या करून. हार्ड डिस्क एकातही नाही, त्या कंपनीनं आधीच काढून घेतल्यात. गणपतीमुळे रस्ते बंद, रिक्षावाल्यानं अलीकडेच सोडलं. तिथून नि. आणि मी पिशव्या घेऊन ढोलांच्या मधून चालत. नि. घामाघूम. मी नाही. बारा किलोचा टाइपरायटर माळ्यावर चढवलेली बाई आहे मी.

बऱ्याच कळांवरची अक्षरं पुसलेली. फायदाच आहे. कळांकडे बघून टाइप करायचं नाही हे मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगते, आता बघायला काही उरलेलंच नाही.

१२ सप्टेंबर

तपकीर गल्लीत रफीकभाईंकडे. सुट्या भागांचं दुकान, वडिलांच्या काळी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना निनादची चहाची गोष्ट सांगितली. हसले. "वेळ त्या जुन्या हार्ड डिस्कला लागायचा. आता नाहीतरी नवीन बसवायचीय, तर एसएसडी बसवा. रॅम दुप्पट करा. चहा गारच होणार नाही."

"बसवून देऊ का?"

"नको. मी बसवीन."

"मॅडम, स्क्रू फार बारीक असतात हं."

म्हटलं, टाइपरायटरच्या कळेखालची स्प्रिंग कधी बसवलीय का?  त्यावर चांगला बारीक स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या गल्ल्यातून काढून दिला. परत करायचा आहे.

१४ सप्टेंबर

पहिला उघडला. मोबाइलवर एक मुलगा दाखवत होता, फार भराभर बोलतो. त्याला थांबवत थांबवत केलं. स्क्रू हरवू नयेत म्हणून मिसळणाचा डबा रिकामा करून घेतला. झाकणाचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, तळाचे जिऱ्याच्या, लांबवाले हळदीच्या.

रॅम खटकन बसली. एसएसडी म्हणजे जाड पत्त्याएवढी डबी, तिला वजनच नाही. हिच्यात सगळं राहतं यावर विश्वास बसत नाही. सिस्टिम टाकली, बटण दाबलं, आणि मी पदराला हात पुसेस्तोवर पडदा तयार. एकटीच हसले.

संध्याकाळी ह्यांनी आमटीचा एक घास खाल्ला. "फोडणी?"

"डब्यात स्क्रू आहेत."

"बरं. मीठ तरी आहे का, की त्यातही काही ठेवलंय?"

१९ सप्टेंबर

दहाच्या दहा चालू. दोघांच्या बॅटऱ्या मेल्यात, ते तारेवर चालतील. हलकी सिस्टिम टाकली, मराठी टायपिंग टाकलं, बाकीचं काही नको. खेळ नाहीत. हे हळूच बघून गेले, पत्ते सापडले नाहीत.

प्रत्येकावर नंबर चिकटवला. सगळ्यात शहाणा सात नंबर. बाकी नऊंचे पंखे इतके घोंघावतात की दुपारी खोलीत भांडण लागल्यासारखं वाटतं. हा अगदी गप्प. म्हणून वैशालीला दिला.

वै. गोंदियाची. पहाटेपासून मार्केट यार्डात आडत्याकडे हिशेब लिहिते, मग पीएमटीनं इकडे. सर्टिफिकेट हातात आलं की लिपिकाच्या जागेला अर्ज करणार. तिच्यासारखी बोटं मी फार थोड्या मुलींची बघितलीत. पण टाइपरायटरवर शिकलेली, कळ दाबत नाही, ठोकते.

तिच्यासाठी आणि एकूणच भिंतीवर पाटी लावली: "लॅपटॉपवर घाव घालू नयेत. फारच इच्छा झाल्यास माळ्यावर टाइपरायटर आहे."

२२ सप्टेंबर

सात नंबर बंद पडला. उताऱ्याच्या मधेच, न सांगता.

वै. हात वर धरून बसलेली. "मॅडम, मी काहीच नाही केलं जी. टाइप करून राहिली होती, अन् हा एकदम काळा."

पुन्हा लावला. सुरू झाला. अर्ध्या उताऱ्यात पुन्हा काळा. वै.ला वाटतं तिच्या ठोकण्यामुळे. नाही म्हटलं. पण मलाही क्षणभर तसंच वाटलं.

२४ सप्टेंबर

रॅम बदलून पाहिली. तीच रॅम तीन नंबरात छान चालते. एसएसडी बदलली. बॅटरी काढून तारेवर. चार्जर दुसरा. तेच. थोडा वेळ गुणी, मग काळा.

निनादला फोन. "काकू, मदरबोर्ड गेला असेल. सोडून दे तो."

सोडून दे म्हणे. दहा हवेत आणि दहाच आहेत. दुसरा मिळेल का विचारलं, तर ह्या खेपेचे संपले.

ह्यांनी उपाय सुचवला. "साहेब येतील तेव्हा सुरू करून ठेव. पाच मिनिटं तर चालतो ना? चालू दिसला की झालं." वर, "मी त्यांना चहाला बाहेर नेतो." मदत करत होते बिचारे. ह्या महिन्यात पहिल्यांदा क्लासच्या बाजूनं बोलले.

पण नाही. तपासणी निघेल, आणि मग वै.चा सराव कशावर? तिला अर्धा उतारा शिकवून पाठवायचं का परीक्षेला?

२६ सप्टेंबर

झोप नीट नाही. आज स्पष्टच लिहिते, भीती वाटतेय. लॅपटॉपची नाही. सकाळी सातला खोली उघडायची, खिडकी उघडायची, पंखा लावायचा, मग मुली, मग तो आवाज. ते नसेल तर मी सकाळी उठून काय करायचं, हे मला माहीत नाही. कुरिअरवाला परवा जिन्यात भेटला, फार अदबीनं नमस्कार केला. तेवढ्यानंच मला राग आला.

आज सातव्याला कुणी बसलं नाही. मुली त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात.

२८ सप्टेंबर

सापडलं! सापडलं, सापडलं.

वै. आज सहा नंबरवर बसली होती, सात शेजारी नुसताच चालू ठेवलेला. मधेच म्हणाली, "मॅडम, सहाचा गरम वारा हाताला लागते. त्या दिवशी याचा काहीच नव्हता लागत." मी म्हटलं तो शांत आहे. आणि म्हणता म्हणताच थांबले. टाइपरायटर शांत असला तर मी त्याला शहाणा म्हटलं असतं का? तेल घ्या, उघडा, म्हटलं असतं. आवाज नाही म्हणजे काम नाही. जाळीशी हात धरला. वारा नाही. खालून मात्र तव्यासारखा.

मुलींना उतारा दिला आणि तिथेच उघडला, पूर्ण, तळापर्यंत. पंख्याच्या पात्यात तांदूळ. लाल. अक्षता! तीन-चार दाणे असे अडकलेले की पातं हलेना. मागे धुळीचा गालिचा, कुंकवानं गुलाबी झालेला, आणि त्यात झेंडूची एक वाळकी पाकळी. पंखा फिरत नाही, आतला प्रोसेसर तापतो, जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. एवढंच. मदरबोर्ड म्हणे.

मुली उतारा सोडून भोवती. मी कुणाला ओरडले नाही, इतकी हसत होते.

निनादला फोन. "दसऱ्याला तुमच्या कंपनीत काय करता रे?"

"पूजा असते ना. सगळ्यांच्या मशिनवर हळदी-कुंकू, अक्षता. ताट फिरतं."

"कोण फिरवतं?"

तिकडून खोकला. मग, "मी आहे स्वयंसेवक, काकू."

पुढे म्हणाला, लॅपटॉप मिटलेला असायला हवा, पण लोक काम करत असतात, मग ते उघड्यावरच टाकतात. उडतात इकडेतिकडे.

रांगोळीच्या रंगांचा मऊ ब्रश घेतला, सगळं साफ. प्रोसेसरवर लावायची राखाडी पेस्ट रफीकभाईंनी मागेच पुडीतून दिली होती, तीळभर लावली. सुरू केला. इतका घोंघावला. इतका छान आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. बॅच संपेपर्यंत चालला, वै. त्याच्यावर मनसोक्त ठोकत होती.

३० सप्टेंबर

उरलेले नऊही उघडले, शंका नको. आठांत तांदूळ. ह्यांनी वाटीत गोळा करून दाखवले: "भात होत नाही, पण चिमणीला पुरेल." आणि मग वाटी घेऊन खरंच गच्चीवर गेले.

५ ऑक्टोबर

तपासणी झाली. साहेब वयानं निनादएवढे. बूट बाहेर काढले, हे बरं वाटलं. पाटी वाचली, हसू दाबलं.

"हे सगळे जुने दिसतायत."

"मीही आहे, साहेब."

"एकदम सगळे लावा. पूर्ण उतारा घ्या."

घेतला. दहा मुली, दहा पंखे. मी साहेबांकडे बघत नव्हते, सात नंबरच्या जाळीकडे बघत होते. वै.नं शेवटची ओळ संपवली, हात मांडीवर ठेवले, आणि पडदा तसाच उजळ. डोळ्यांत पाणी आलं, मी खिडकी नीट करायला गेले.

साहेब प्रत्येकापाशी जाऊन उतारे वाचून आले. वै.चा दोनदा. मग म्हणाले, "चालतायत, हे मी लिहितो. पण इतकी जुनी यंत्रं मंजुरीला धरायची का, ते वर ठरेल. नियमात नवीच हवीत असं नाही. जुनी चालतील असंही नाही." ह्यांनी दिलेला चहा मात्र घेतला नाही. हे नंतर म्हणाले, "माणूस सरळ आहे." मग, "कुरिअरवाल्याला मी नाही सांगून आलो." कधी, विचारलं. "काल." माझ्याकडे न बघता बशी उचलून आत गेले.

८ ऑक्टोबर

पत्र नाही. ऑफिसात फोन, साहेब दौऱ्यावर. बॅच चालू आहे. स्क्रूड्रायव्हर परत द्यायला गेले, रफीकभाई म्हणाले राहू दे तुमच्याकडे.

११ ऑक्टोबर, दसरा

सकाळी हे ताट घेऊन खोलीत आले. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. मी दारात आडवी.

"यंत्राची पूजा नको?"

"हवी. पण ह्यांची नको."

"मग कशाची?"

दोघांनी मिळून माळ्यावरून टाइपरायटर खाली काढला, माझा सगळ्यात पहिला. मधल्या टेबलावर ठेवला, दहाही लॅपटॉप मिटून मागे रांगेत. हळदी-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, सगळं त्याला. दाणे कळांमधून आत गेले. जाऊ देत. ते पोटात घेऊन तो अजून पन्नास वर्षं चालेल. मुलींनी नमस्कार केला. वै.नं एकच कळ दाबली, जोरात, ठोकून. खोलीभर आवाज झाला.

दुपारी निनाद सोनं द्यायला आला. काखेत एक लॅपटॉप. "अकरावा, काकू. काल ऑफिसच्या पूजेनंतर निघाला." झाकण उघडलं तर कळांवर कुंकू अजून तसंच. मी फक्त बघितलं त्याच्याकडे. "या वेळी ताट मी नव्हतो फिरवत," म्हणाला.

तेवढ्यात दारात एक मुलगी, बरोबर आई. दसऱ्याचा मुहूर्त, क्लास लावायचाय. वै. राहते तिथलीच, तिनंच पाठवलेली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मंजुरीचं पत्र नाही. नाही आलं तर हिला काय सांगणार, हे त्या बघण्यात होतं. मला कळलं.

म्हटलं, उद्या सकाळी सातला ये. नखं कापून.

चटई टाकली, मिसळणाचा डबा आणला, अकराव्याचा तळ उघडायला घेतला. मुलगी गेली नव्हती, शेजारी येऊन बसली. आधी पंखा. पात्यात लालचुटुक दाणे, ताजे. तिच्या हातात ब्रश दिला.

"मॅडम, हा कुणाचा?"

"तुझा. हळू झटक."