भावजींनी पाहिलं नाही

२९ जुलै १९६८, सोमवार

— आणि तिथेच बाबांनी हात वर करून मला थांबवलं. "ते कार्डाचं पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. गाडीतून उतरवलेल्या ज्यूंना नाझींच्या छावणीत आधी पोस्टकार्ड लिहायला लावत: आम्ही सुखरूप आहोत, काम मिळालं आहे. कार्ड घरी पोचेपर्यंत लिहिणाऱ्याची राख झालेली असे.

बाबा म्हणाले, "घरच्यांना बरं वाटलं असेल."

मी पुस्तक मिटलं. लाखो माणसं मारली गेली आणि ह्यांना हे सुचतं! पुस्तक मी माझ्यासाठी आणलं होतं. बाबांचा मोतीबिंदू काढल्यामुळे दोन्ही डोळ्यांवर पट्टी, दिवस जात नाही, म्हणून हट्ट — काय वाचतेस ते मलाही सांग.

३० जुलै

बाबा जेवले नाहीत. कार्डाचं पान तिसऱ्यांदा वाचून घेतलं.

३१ जुलै

बाबा स्वतः साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होते, कुठल्याशा बेटावर. त्याबद्दल विचारलं की कानडीत 'होगली बिडु', जाऊ दे. आज न विचारता बोलले. भिंतीकडे तोंड करून.

"येसाजी माझ्या हातांत गेला, जया. खड्डा मीच खणला."

येसाजीराव म्हणजे त्यांच्याच पलटणीतले, समोरच्या घरातल्या अंबुकाकूचे यजमान. युद्धानंतर बेपत्ता. पुढे सरकारचं पत्र आलं, मृत समजावे. अंबुकाकूने ते घडी करून ठेवून दिलं. म्हणाली, समजावे म्हणजे काय? भावजी तिथे होते, भावजींनी पाहिलं नाही.

बाबांच्या ह्या एका वाक्यावर ती बावीस वर्षं कुंकू लावते. देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याकडे काजं-बटणं करते. दर दसऱ्याला नवऱ्याच्या मापाचा एक सदरा शिवते, पेटीत ठेवते. एकदा तिने बाबांना विचारलं होतं, हे तिकडे वाळले असतील का हो? बाबा म्हणाले, थोडे. तेव्हापासून गळ्याचं माप अर्धा इंच कमी.

मी तिथेच शेंगा सोलत बसले होते.

थोडे!

१ ऑगस्ट

भांडण. बाबांचं म्हणणं, सांगायलाच गेलो होतो. दारात तिची सासू उभी. वाईट बातमी असली तर हिला आजच पिरियापट्टणला माझ्या भावाकडे धाडते म्हणाली, राबेल तंबाखूच्या भट्टीवर. आत अंबू दिवा लावत होती. बावीस वर्षांची. तोंडातून निघून गेलं — दिसला नाही.

मी म्हटलं, सासू जाऊन चौदा वर्षं झाली.

"मग कुठल्या तोंडाने सांगू?"

ती शिकली असती. दुसरं घर केलं असतं. निदान एकदा मोकळेपणी रडली असती. मी म्हटलं, तुम्हीही तेच कार्ड लिहिलंत, बाबा. दर वर्षी लिहिलंत.

बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

वरमहालक्ष्मीचं व्रत. शेजारी सीतालक्ष्मीकडे सवाष्णींना बोलावणं. अंबुकाकू हिरव्या बांगड्या भरून आली. आमच्या दारातूनच बाबांना म्हणाली, "भावजी, जयाला उजवा आता तरी. ओटीचे नारळ मी एकटी किती वाहू?"

बाबा हसले. छान, मोकळं हसले. मला ते हसणं सहन झालं नाही.

३ ऑगस्ट

संध्याकाळी अंबुकाकूकडे जाऊन सांगितलं.

चार वाक्यं लागली. वर्गात ह्याहून सोप्या गोष्टीला मी तास घेते. ती काज करत होती, हात थांबला नाही. विचारलं, कुठल्या पुस्तकात आहे हे? मी म्हटलं, पुस्तकात नाही, बाबाच म्हणाले. तिने दोरा दाताने तोडला. दुसरं काज घेतलं.

"तू जा. भावजींना जेवायला वाढ."

एवढंच. बाबांना मी काही बोललेले नाही. बरोबर केलं. बरोबरच केलं.

४ ऑगस्ट

आज सकाळी अंबुकाकू आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. बाबांच्या खाटेशी खाली बसली.

"भावजी, खरं सांगा. हे तिकडे दिसले होते?"

बाबांनी आवाजाकडे मान वळवली. "नाही गं अंबू. दिसला नाही."

"बरं," ती म्हणाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. मग आत जाऊन त्यांच्यासाठी कॉफी केली, पेला त्यांच्या हातात नीट धरवला आणि कामाला गेली.