अस्वलाचं घोरणं

बाळ्या,

तुम्ही दोघं पोचाल तेव्हा मी दुकानात दाढ्या करत असेन. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

तुझी कार्टूनची मालिका सगळी पाहिली. मोठ्यांसाठीची आहे हे आधी सांगायचंस ना! मधेमधे चष्मा काढून ठेवावा लागला. आणि त्या अस्वलाला माझं घोरणं दिलंस, तेही सांगितलं नाहीस. शेजारच्या वहिनी दार वाजवत आल्या, "भाऊजी, भरदुपारी काय हे घोरणं!" बघतात तर मी जागा, घोरतोय टीव्ही. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतायत, त्या बऱ्या चुकतील!

आता दुकानातही तेच लावतो. काल एक गिऱ्हाईक फिदीफिदी हसत म्हणालं, "अस्वल नर, कोल्हाही नर, आणि एकाच गादीवर?" मी म्हटलं, "हो. काढणारा माझा मुलगा आणि घोरणारा मी." वस्तरा त्याच्या गळ्याशी होता, त्यामुळे त्याने पुढे शहाणपणा केला नाही.

अस्वल घोरायला लागलं की कोल्हा न चिडता त्याला कुशीवर वळवतो आणि पांघरूण नीट करतो. तुझी आई अगदी असंच करायची. तो कोल्हा कोण, हे मला चष्म्याशिवायही दिसतं.

या वेळी त्याला सोफ्यावर झोपवू नकोस. आतल्या खोलीतल्या दोन्ही खाटा मी जोडून ठेवल्यात. मधली फट टोचू नये म्हणून वर जाड गादी घातलीय.

— अस्वल