वायपरखालचा भोंगा

तीर्थस्वरूप दाजींना त्यांच्या एकुलत्या एका मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असेलच. डॉक्टरांनी बजावल्यापासून तुम्ही रोज पहाटे तासभर चालून येता, हे ताई भेटेल त्याला कौतुकाने सांगत असते. (इतकं चालूनही वजन वाढतंच कसं, हे डॉक्टरांनाही उमगत नाही म्हणे.) पलीकडच्या गल्लीत राहून हा पत्र कसलं लिहितो, असं तुमच्या मनात येईल. पण काही गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडावर बोलायला माझी जीभ रेटत नाही.

तर आनंदाची बातमी अशी की मी गाडीला चोरघंटा बसवली, म्हणजे तो कानठळ्या बसवणारा भोंगा. तोही स्वतःच्या हातांनी! ही गाडी मला विकताना तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, की याला साधा बल्ब बदलता येत नाही, हा गाडी काय सांभाळणार. ते शब्द कृपया आता मागे घ्यावेत.

झालं असं की गेले काही महिने आमच्या गाडीला एक चोर लागला आहे. आणि तोही विचित्र. पहाटे गाडी नेतो आणि उजाडायच्या आत होती तिथे आणून लावतो. काच फोडत नाही, कुलूप तोडत नाही. फक्त सीट पार मागे सरकवलेली असते (पोट सुटलेलं असावं बिचाऱ्याचं), आरसा वाकडा, रेडिओ जुन्या गाण्यांवर, आणि टाकीत पेट्रोलच्या नावाने खडखडाट. हे सगळं मी मुकाट्याने सोसलं. पण हिच्या नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी पेट्रोल संपून गाडी भर चौकात बंद पडली, ही घामाघूम होऊन उशिरा पोचली आणि साहेबाने सगळ्यांसमोर तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. संध्याकाळी ही पर्स टेबलावर आपटून म्हणाली, "चोराचं नाव तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तुम्ही बोलताय, की मी वन्संशी बोलू?" गाडी काय, उद्या दुसरी घेता येईल, पण एकदा तोंडं फिरली की हक्काने जाऊन बसायला बहिणीचं घर दुसरं कुठून आणू? मी म्हटलं, पुराव्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. चोराचा बंदोबस्त चोराच्या पद्धतीनेच करू.

गॅरेजवाला इलेक्ट्रिशियन भोंगा बसवून द्यायला एका पायावर तयार होता. पण त्याने तो बॉनेट उघडताच नजरेत भरेल असा बसवला असता, आणि आमचा चोर काही ऐरागैरा नाही. या गाडीतली वायर न् वायर त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. (कशी, ते देव जाणे.) म्हणून मी स्वतःच बाह्या सरसावल्या. पहिल्या जोडणीनंतर डावीकडचा दिवा लावला की वायपर फिरू लागला. दुसऱ्या जोडणीनंतर हॉर्न वाजवला की चारही दारं बंद व्हायची, आणि मी आत. पण हार मानली नाही. भोंगा वायपरच्या खालच्या खाचेत, तोंड खाली करून बसवला. नव्या टेपची चकाकी दिसू नये म्हणून तिला जुनं ग्रीस चोळलं आणि वर ब्रशने धूळ बसवली. (ज्याने घरात कधी धूळ पुसली नाही, तो गाडीत धूळ लावत बसलाय, हे पाहून ही काय म्हणाली ते लिहीत नाही.) खोक्यात काचेवर चिकटवायला 'सावधान, या गाडीत भोंगा आहे' असं लाल स्टिकरही होतं. म्हणजे आधी लपवायचं आणि मग जाहिरात करायची! ते आम्ही फ्रिजवर लावलं आहे. शेवटी हिला भोंगा शोधायला सांगितलं, तर हिने पहिल्या झटक्यात शोधला, कारण पक्कड मी तिथेच विसरलो होतो. पक्कड काढल्यावर मात्र माझा मलाच सापडेना. तेव्हा कुठे समाधान झालं.

आणि परवा पहाटे भोंगा कोकलला! दाजी, काय वर्णन करू? घराघरांतले दिवे लागले. मी बाल्कनीत गेलो, तर चोराने बॉनेट उघडून आत मुंडी घातलेली. वायर चाचपतोय, खडखड करतोय, हात भोंग्यापासून वीतभर अंतरावर, पण सापडेल तर शपथ! माझी छाती अशी फुगली की पायजम्याच्या नाडीवर हात ठेवावा लागला. चेहरा मी पाहिला नाही. माणूस वयाने मोठा वाटला, म्हणून तो सरळ होतोय असं दिसताच मी झटकन पाठ फिरवली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर "अहो, हे तर तुमचे..." म्हणू लागले, त्यांना मी भोंग्यामुळे ऐकू येत नसल्याची खूण केली. चोर पळाला. वयाच्या मानाने चांगला पळतो. भोंगा मी बऱ्याच वेळाने बंद केला, कारण खरं सांगायचं तर तो ऐकतच राहावासा वाटत होता.

तुमचा आज्ञाधारक (आणि आता बल्बही बदलू शकणारा),
मेहुणा

ता. क. चोराकडे दुसरी किल्ली आहे, हे उघड आहे. असा कुणी तुमच्या ओळखीत असल्यास सांगा, की किल्ली आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवावी. आम्ही एका शब्दाने विचारणार नाही.

ता. क. २. पळताना चोराचा चष्मा बॉनेटखाली राहिला. भिंगं चांगली जाड आहेत. किल्ली मिळताच परत करू. चोराबिराचं ऐकून ताई उगाच घाबरेल, तेव्हा हे पत्र एकट्याने वाचून लगेच फाडून टाकावं.

ता. क. ३. वन्सं, हे खालचं अक्षर माझं. पत्र गुपचूप दाजींच्या हातात द्यायला यांनी मला सांगितलं होतं, पण दाजींचा चष्मा आमच्याकडे असताना ते वाचणार कसं? म्हणून तुम्हालाच देतेय, मोठ्याने वाचून दाखवा. आणि यांनी पाठ फिरवली, मी नव्हती फिरवली. किल्ली दाजींच्या पँटच्या उजव्या खिशात आहे.