आणि आपलं तळं

शुक्रवार, १४ मार्च, मल्लेश्वरम

शालिनीला माती दिल्यानंतर आज पहिल्यांदा बायकोविना एकटाच प्रार्थनासभेला गेलो. जायला नको होतं का? पण सकाळी पीण्या औद्योगिक वसाहतीजवळच्या तळ्यावर जाऊन आलो होतो. ती दर शनिवारी जिथे प्लास्टिक वेचायची, त्याच काठाला मेलेले मासे लागले होते. पाण्यावर फेस. कोणाला तरी सांगायचं होतं.

प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या. कोणाचा व्हिसा, कोणाची परीक्षा, कोणाचा गुडघा. सगळ्यांत शेवटी शालिनी म्हणायची, "आणि आपलं तळं." लोक हसायचे. "शालूताई, माशांचाही बाप्तिस्मा करायचा का?" तीही हसायची, पण तळ्यासाठी प्रार्थना झाल्याशिवाय कोणाला उठू द्यायची नाही. देवाने माणसाला बाग राखायला दिली होती, म्हणायची, नासायला नाही.

आज मी म्हणालो, "आणि आपलं तळं." इतक्या जणांत पहिल्यांदाच बोललो असेन. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "काका, तळ्याचं स्वल्प राहू दे, थोडा वेळ. आज तुमच्यासाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी केली, अगदी मनापासून. माझ्या सांत्वनासाठी. माशांचं नावही निघालं नाही.

घरी येऊन गुडघे टेकले. म्हटलं, मीच करतो. पण लग्न झाल्यापासून प्रार्थना ती करायची आणि मी आमेन म्हणायचो. आमेनच्या आधीचं काहीच येईना.