गरमागरम विरुद्ध गारेगार

३ एप्रिल, सकाळी

व्हॅन आली. एकदाची. गल्लीत उभी आहे. शेजारचे काका विचारून गेले, कोण आजारी आहे म्हणून. लाँड्रीची जुनी व्हॅन आहे, अँब्युलन्स नाही, असं शांतपणे सांगितलं. आत अजून साबणाचा वास येतो. गिऱ्हाइकाला स्वच्छतेची खात्री पटेल.

आजपासून ही रोजनिशी. उद्देश एकच, सूड. धंदा वगैरे ओघाने येईल.

केस थोडक्यात अशी. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंकडे जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमक्ष म्हणालो होतो की कारखान्याच्या गेटासमोर कुणी थंड सरबताची गाडी लावली तर सोनं होईल. समोर साडू बसला होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी त्याला मनातल्या मनात थंडोबा म्हणतो, कारण हा माणूस घराला आग लागली तरी आधी चपला शोधेल. तर या थंडोबाने महिन्याभरात तिथे गाडी लावली. नाव 'गारेगार'. आयडिया माझी, गेट माझं, सोनं त्याचं. बायको म्हणते, तुम्ही ते आडवे पडून बोलला होतात आणि पुढच्या मिनिटाला घोरत होतात. आडवं पडून सुचली म्हणून आयडियेची मालकी बदलत नाही.

नोकरी सोडली आहे. निरोपाच्या चहाला साहेब म्हणाले, खुर्ची रिकामी ठेवतो, याल परत. साहेबांचा नंबर दुसरा. आधी थंडोबा.

व्हॅनचं नाव 'गरमागरम'. तळलेले बटाटे, ऑम्लेट, सूप. या उकाड्यात गरम कोण खाणार, असं बायकोने विचारलं. उष्णतेने उष्णता मरते हे शास्त्र तिला समजावलं. ऐकता ऐकता ती पंख्याखाली जाऊन बसली.

थंडोबाला पाणी पाजल्याशिवाय राहणार नाही.

५ एप्रिल

पहिला दिवस. व्हॅन मुद्दाम थंडोबाच्या बरोबर समोर लावली. मध्ये फक्त रस्ता. वाटलं होतं चेहरा पडेल. तो रस्ता ओलांडून आला, बरं झालं म्हणाला, आता एकटं वाटणार नाही. हातात सरबताचा ग्लास. माझ्यासाठी. शत्रूचं काही प्यायचं नाही हे ठरलेलं आहे. ग्लास बॉनेटवर ठेवून दिला.

दुपारी प्यालो. तोपर्यंत ते चहाइतकं तापलं होतं आणि गरम सरबताला कुणी सरबत म्हणत नाही. तत्त्व शाबूत आहे.

विक्री: ऑम्लेट एक. गिऱ्हाईक: वॉचमन. त्याला साबणाचा वास आला.

९ एप्रिल

व्हॅनमध्ये वर पत्रा, खाली इंजिन, समोर कढई. पंखा लावला की गॅस विझतो, गॅस लावला की पंखा बंद ठेवावा लागतो. शर्ट दिवसातून दोनदा पिळतो. चष्म्यावर वाफ धरते, त्यामुळे आज एकाला ऑम्लेटऐवजी पुसायचं फडकं दिलं. त्यानेच परत आणून दिलं, लोक भले आहेत.

हवेत एवढी ओल की काही म्हणता काही कुरकुरीत राहत नाही. पाटीवर 'कुरकुरीत' लिहिलं आहे. एकाने विचारलं, नक्की काय कुरकुरीत आहे. त्याला आठवणीत ठेवला आहे.

मुख्य अडचण मिठाची. मीठ ओलं होऊन डबीत दगड होतं. गिऱ्हाईक डबी हलवतं, आपटतं, आत डोकावतं, मीठ हलत नाही. बायको म्हणाली, डबीत तांदळाचे चार दाणे टाका, ओल ओढून घेतील. मी धंदा करतो आहे, भातुकली नाही. खिळा आणि हातोडी घेऊन डबीची भोकं मोठी केली.

१० एप्रिल

भोकं मोठी केल्यावर मीठ येतं. आधी काहीच येत नाही, मग एकदम सगळं येतं. माणूस बटाट्यांकडे बघत राहतो. पण टाकून कसं द्यायचं म्हणून खातो. खाल्ल्यावर बोलत नाही. चवीने तोंड बंद झालं असं मी समजतो.

१६ एप्रिल

गर्दी वाढली. तळण्याचा वास सुटला की पाळी सुटलेले कामगार माझ्याकडेच येतात. अजब गोष्ट म्हणजे शेवटचा घास तोंडात असतानाच पळत सुटतात. रस्ता ओलांडून थेट थंडोबाच्या रांगेत. तिथे जाऊन माझ्याकडे हात दाखवून काहीतरी सांगतात. शत्रूच्या गोटात माझा प्रचार, तोही फुकट.

२१ एप्रिल

मोठी बातमी. वॉचमनकडून. कारखान्याचे मॅनेजर गेटच्या आत एका गाडीला कायमची जागा देणार आहेत. पत्र्याची शेड, वीज, नळ, डोक्यावर मोठा पंखा. एकच गाडी. बाहेरचा रस्ता गाड्यांना बंद होणार, त्यामुळे जी आत जाणार नाही तिचा कारभार संपला. मॅनेजर स्वतः येऊन चव बघतील आणि मेअखेरीस ठरवतील.

म्हणजे एक तर थंडोबा जाणार, नाहीतर मी. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, शेड मिळाली नाही तर व्हॅन लाँड्रीला परत आणि तुम्ही ऑफिसला परत. साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. खुर्चीवर रुमाल टाकून वाट बघताहेत.

झोपेतसुद्धा दात खातो, असं बायको सांगते. खाऊ दे.

२२ एप्रिल

योजना सुचली. या वेळी उभा होतो, त्यामुळे मालकीचा प्रश्न नाही.

थंडोबाची गिऱ्हाइकं फोडायची नाहीत. त्यांच्या जिभा मारायच्या. माझे बटाटे इतके खारट आणि तिखट करायचे की नंतर सरबताची चवच कळू नये. सरबत नुसत्या पाण्यासारखं लागलं की गिऱ्हाईक वैतागणार, 'गारेगार' बदनाम, थंडोबा घरी. भोकं आणखी मोठी केली. आता त्यातून वाटाणा पडेल.

२६ एप्रिल

योजना अपेक्षेपेक्षा जोरात. बटाटे खाल्ले की माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. पलीकडे जाऊन एकेक जण तीन-तीन ग्लास पितो. पहिल्यात चव कळत नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यात कळत नाही म्हणून तिसरा. थंडोबाला हे कळणार कसं. तो नुसता भरून देतो आहे.

२ मे

थंडोबाने मोठं पिंप आणलं. घाबरला आहे. बर्फही आता टेम्पोने येतो. बुडणारा माणूस असाच हातपाय मारतो.

रोज सकाळी येऊन माझी तब्येत विचारतो. मीठ आहे ना पुरेसं, हेही विचारतो. हेरगिरी. मी म्हटलं, तुझ्यासाठी भरपूर ठेवलंय. तो हसला. टोमणा कळायलाही डोकं लागतं.

६ मे

काल उन्हाने ताप आला. घरीच पडलो. संध्याकाळी थंडोबा फळं घेऊन हजर. उशाशी बसून पाय चेपायला निघाला, मी पाय ओढून घेतले. उद्या येणार ना, असं तीन वेळा विचारलं. माझं काही बरंवाईट होतंय का ते बघायला आला होता, दुसरं काय. बायकोच्या डोळ्यांत पाणी. बायका लगेच फसतात.

मेहुणीने बायकोला सांगितलं की काल त्यांचं अर्धं पिंप तसंच राहिलं. म्हणजे मी दिसलो नाही तर तो इतका धास्तावतो की धंदा सुचत नाही. अशी दहशत मी ऑफिसात कधी बसवू शकलो नव्हतो.

१३ मे, दुपारी

दुसरा हल्ला. व्हॅन तिरकी लावली. आता कढईची सगळी धग, नव्या बसवलेल्या एक्झॉस्ट फॅनमधून, रस्त्यापलीकडे सरबताच्या रांगेवर जाते. उभं राहणं अशक्य व्हायला पाहिजे.

१३ मे, रात्री

रांग दुप्पट झाली. लोक हट्टी आहेत.

१८ मे

सासूबाईंकडे जेवण. थंडोबाने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. साडूभाऊंसारखा माणूस मिळायला नशीब लागतं म्हणाला. मी कुत्सित हसलो. सासूबाईंना ते विनयाचं वाटलं, जावई किती साधे आहेत म्हणाल्या. भाजी अळणी होती. मीठ मागितलं तर थंडोबाने पळत जाऊन आणलं. हा माणूस पळताना मी पहिल्यांदा पाहिला. मेहुणी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला संशय आला असावा.

२७ मे

मॅनेजर आले. बटाटे मागितले. योजनेप्रमाणे डबी पूर्ण रिकामी केली. मॅनेजरांनी दोन घास खाल्ले. आधी कान लाल झाले, मग मान. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही. मग टाय सैल करत रस्ता ओलांडला. थंडोबाकडे किती ग्लास झाले ते मी मोजणं सोडून दिलं. शेवटी मॅनेजरांनी डोळे मिटले आणि थंडोबाच्या पाठीवर थाप मारली.

सांत्वनाची थाप वाटते. रात्री बायकोला तसं सांगितलं. तिने दिवा मालवला. मग म्हणाली, झोपा.

३१ मे

शेड थंडोबाला.

वॉचमनने सांगितलं. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

गॅस बंद केला आणि व्हॅनच्या पायरीवर बसलो. मनात तक्रारीचा मजकूर जुळवत होतो. आयडियेची चोरी, नात्याचा गैरफायदा, सगळं. तेवढ्यात थंडोबा आणि मेहुणी रस्ता ओलांडून आले. मी उठलो नाही. म्हटलं, चोळा जखमेवर मीठ.

थंडोबा खाली, पायरीजवळ, जमिनीवरच बसला. म्हणाला, मॅनेजरांना सांगून आलोय, साडूभाऊंची गाडी आत येणार नसेल तर मीही येत नाही. दोन्ही गाड्यांना जागा मिळाली आहे. का, असं मी विचारलं.

तो म्हणाला, "तुम्ही आलात त्याच्या आधी मी गाडी विकायला काढली होती. कुणी प्यायला येत नव्हतं. तुम्ही पहिल्या आठवड्यापासून माणसं खारवून माझ्याकडे पाठवताय. लोक तुमच्या पदार्थांना नावं ठेवत होते, तरी तुम्ही मीठ कमी केलं नाही. स्वतःचं नाव खराब करून माझं घर चालवलंत. तुम्हाला बोललेलं आवडलं नसतं, म्हणून गप्प राहिलो. पण साडूभाऊ, मी खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आहे."

मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा शोधली. नव्हती. मेहुणी पदराने डोळे पुसत होती. भाऊजी, एवढंच म्हणाली आणि वाकून पायाला हात लावला.

दोन महिने ज्याला गाडायला निघालो होतो त्याला मी जगवलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण खरं सांगितलं असतं तर मी दुष्टही ठरलो असतो आणि मूर्खही. एवढं एका दिवशी झेपत नाही. मी म्हणालो, "घरच्या माणसासाठी एवढं करावंच लागतं."

मागे बायको डबा घेऊन आली होती. तिने हे ऐकलं. तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

३ जून

रात्रभर विचार केला. माझ्या मनात कुठेतरी आधीपासून मदतीचाच हेतू असावा. मागची पानं वाचली. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळंच लिहायचं नसतं.

साहेबांचा फोन आला होता, खुर्चीबद्दल. शेड मिळाली असं सांगितलं. कुणाच्या नावावर, हे त्यांनी विचारलं नाही.

५ जून

शेडमध्ये पहिला दिवस. नवी पाटी लागली. वर मोठ्या अक्षरात 'गारेगार'. खाली बारीक अक्षरात 'गरमागरम'. पेंटरने जागा उरेल तेवढं बसवलं आहे.

पण पंखा आहे. चष्मा कोरडा, शर्ट कोरडा. नवी सुरुवात करायची ठरवली. यापुढे फक्त चवीवर लढायचं. सकाळी कुणाला न सांगता नवी डबी आणली, बारीक भोकांची, आणि तिच्यात तांदळाचे चार दाणे टाकले. मीठ पावडरसारखं भुरभुरलं. हवं तेवढंच. एक गिऱ्हाईक बटाटे खाऊन तिथेच उभं राहिलं, पळालं नाही, छान झालेत म्हणालं. एप्रिलपासून हे कुणी म्हणालं नव्हतं.

दुपारी थंडोबा हळूच आला. पिंप भरलेलंच आहे, आज कुणाला तहान नाही म्हणाला. डबीकडे बघत होता. मग खूप संकोचून, साडूभाऊ, ती जुनी डबी परत ठेवता का, तेवढे तांदूळ काढता का, असं म्हणाला.

काढले.