गेल्या वर्षीचं माप

९ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र मिळालं. आज सकाळी दुकान उघडलं, दोन पँटच्या चेन बदलल्या, एका बाईंचे पडदे देऊन टाकले. दुपारी शटर ओढून घरी आले. इकडे हवा बरी आहे.

तू पाठवलेले फोटो माझ्या लेकीनं, आपल्या पोपटानं, पाहिले. खिडकीतून समुद्र दिसतो ती खोली तिला आवडली. म्हणाली, "तिथलं पाणी उन्हाळ्यातही गार असतं. तू काठावर बसून माझे कपडे सांभाळ." मी म्हटलं, "म्हणजे युरोपात जाऊनही मी कपड्यांचीच राखण करायची!" बऱ्याच दिवसांनी हसली. सोळावं लागलं की तिकडच्या समुद्रात पोहायला नेईन, असा यांनी तिला शब्द दिला होता. हे गेल्यापासून तिनं मागितलेली ही एकच गोष्ट.

पोहायचा कॉस्च्यूम मीच शिवला. गेल्या वर्षीचं कागदी कटिंग होतं, त्यावरच बेतला. वाढत्या अंगाची पोर, म्हणून दोन बोटं जास्त धरलं. गिऱ्हाइकाचं माप मी कधी अंदाजानं धरत नाही. घरच्या माणसाचं धरलं.

रविवारी घालून बघ म्हटलं, तर बराच वेळ दार उघडेना. यांचा स्वेटर ती हल्ली अंगावेगळा करतच नाही. तो काढून बाहेर आली. ताई, कॉस्च्यूम खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. पाठीचा मणका न् मणका मोजता आला असता. माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

"सैल झालाय. बाजूनं आत घे ना," म्हणाली.

टाचण्या काढून विचारलं, "जेवतेस ना गं?"

"तूच तर वाढतेस."

वाढते मीच, आणि संपवतेही मीच. ती अर्धं टाकून उठते, वाया जायला नको म्हणून आवरता आवरता मी खाऊन टाकते. हे गेल्यापासून माझेच दोन ड्रेस मी उसवून मोठे केले, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

काल डॉक्टरांनी वजन केलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदयावर ताण आलाय, सोमवारी भरती करा. प्रवासाचं नावही काढू नका. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. दवाखान्याचं मी तिला सांगितलंय. समुद्राचं नाही. आज सकाळी विचारत होती, "मावशीनं खोली पक्की केली ना?" मी हो म्हटलं.

खोली सोडून दे, ताई. तिला फोन करू नकोस. उद्या मीच सांगेन. ती काय म्हणेल याचा विचार करायला बसले की हात थांबतात.

कॉस्च्यूम आत घेतलेला नाही. आहे त्याच मापाचा राहू दे.

ती आत पडली आहे. तिचं ताट टेबलावर अर्धं तसंच आहे. त्याला आज मी हात लावणार नाही. पाकीट चिकटवते आणि माझं वेगळं वाढून घेते.

तुझी,
धाकटी